आई (६६) आणि लेक (७) दोघींना झेपेल असा जंगलातून धबधब्यापर्यंतचा सोपा वॉक? पुण्याहून एका दिवसात

पावसाळी_पाखरू | ७ जुलै, रात्री १०:४१

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

आषाढीचा उपास काल सुटल्या सुटल्या आईने जाहीर केलंय की यंदा मलाही धबधब्याला न्या, मी काय म्हातारी झाले का. आई ६६ वर्षांची, कमला नेहरू पार्कला रोज तीन-चार चकरा मारते, दम वगैरे काही नाही पण उजवा गुडघा कुरकुरतो, उतरताना जास्त. लेक सात वर्षांची, ती पळते, तिला आवरणं हाच प्रश्न आहे. नवरा गाडी चालवणार आणि "मी गाडीत बसतो तुम्ही जाऊन या" म्हणणार, त्यामुळे त्याला धरू नका.

अपेक्षा एवढीच की गाडीतून उतरून थेट धबधब्याखाली उभं राहायचं नाहीये, थोडं जंगलातून चालायचंय, आईला झाडं बघायची आहेत. तासभर जाऊन तासभर यायला झेपेल. लोणावळा नको, मागच्या वर्षी भुशीच्या रस्त्यावर तीन तास गाडीत बसून कणीस खाऊन परत आलो.

रील्समध्ये सगळीकडे देवकुंड दिसतंय, "इझी, बिगिनर फ्रेंडली" म्हणतात. आम्ही कोथरूडला, म्हणजे चांदणी चौकातून पौड रस्ताच. येत्या रविवारी, १३ तारखेला जमेल का?

---

एकते_चार | ७ जुलै, रात्री ११:०२

खडकवासल्याला जा, भजी खा, कांदा वेगळा मागा, साडेसातला घरी. धबधबा बाथरूममध्ये शॉवर लावून दाखवा लेकीला.

(थट्टा करतोय हो ताई, जाणकार येतीलच. एक ते चार सोडून.)

---

बुलेट_आणि_बॅकपॅक | ७ जुलै, रात्री ११:२०

देवकुंड बिनधास्त करा, मी दोनदा केलंय. भिऱ्यापर्यंत गाडी जाते, ताम्हिणी उतरून विळ्याहून आत वळायचं, पुढे धरणाच्या पाण्याच्या कडेकडेने सपाट रस्ता आहे, चढ शेवटी थोडाच. दीड-दोन तासात पोचतो आपण. रस्ता सापडत नाही असं होतच नाही, गर्दी पुढे चाललेली असते तिच्या मागे जायचं. भारी जागा आहे, कुंडाचं पाणी निळं दिसतं.

---

घाटवाटा | ८ जुलै, सकाळी ६:१५

बुलेटराव, तुम्ही दोनदा कधी केलंत ते नाही लिहिलंत. निळं पाणी दिसलं म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरच असणार, जुलैत ते पाणी चहासारखं असतं.

ताई, लांबलचक लिहितोय, चहा घेऊन बसा.

सोपा वॉक म्हटलं की लोक दोनच गोष्टी विचारतात, किती किलोमीटर आणि किती चढ. देवकुंडला त्या दोन्ही गोष्टी खरंच सोप्या आहेत. एका बाजूला साधारण सहा किलोमीटर, बराचसा सपाट, पहिला भाग भिऱ्याच्या जलाशयाच्या कडेने आणि मग दाट झाडी. पण तिसरी गोष्ट कोणी विचारत नाही, ती म्हणजे वाटेत ओढे किती ओलांडायचे. देवकुंडच्या वाटेवर ओढे आहेत. सकाळी नऊला त्यात घोटाभर पाणी असतं, लहान मुलं खिदळत पार होतात, फोटो काढतात. तुम्ही धबधब्यापाशी दोन तास बसता, तुमच्या डोक्यावर पाऊस नाही, ऊनसुद्धा पडलेलं असतं, पण वर घाटमाथ्यावर धो धो चालू असतो तो तुम्हाला दिसत नाही. सह्याद्रीचा काळा कातळ पाणी पित नाही, वर मातीचा थर पातळ, तो एकदा भरला की पडलेलं सगळं पाणी तसंच्या तसं खाली येतं. मग परतीला तोच ओढा मांडीपर्यंत.

घाटमाथ्यावर पाऊस किती म्हणजे किती? २५ जुलै २०२४ आठवतंय ना, सिंहगड रोडला एकतानगरीत पहाटे पाणी शिरलं तो दिवस. त्याच २४ तासांत ताम्हिणीत ५५६ मिलिमीटर नोंद झाली होती. पुणे शहरात अख्ख्या पावसाळ्यात जेवढा पडतो त्याच्या निम्म्याहून जास्त, एका दिवस-रात्रीत. देवकुंडला येणारं पाणी त्याच डोंगरांचं.

माझाच अनुभव सांगतो, दुसऱ्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. २०१५-१६ ची गोष्ट असेल, ऑगस्टचा रविवार, ऑफिसमधले आम्ही नऊ जण, आणि लीडर कोण तर मीच, वीस वर्षं डोंगर फिरलेला म्हणून. जाताना ओढा ओलांडला तेव्हा एकाने विचारलंसुद्धा, सर पाणी वाढलं तर? मी म्हटलं काही होत नाही. परत आलो तेव्हा पाणी तपकिरी झालेलं, त्यात काटक्या आणि हिरवी पानं वाहत होती आणि आवाज बदललेला, खळखळ नाही तर आतून दगड गडगडल्यासारखा. एक पोरगा म्हणाला मी पोहतो, मला जाऊ द्या. नशीब की त्याला हाताला धरून बसवला. पावणेतीन ते सव्वासहा आम्ही नऊ जण एका आंब्याखाली भिजत बसलो, शेवटी गावातली दोन माणसं दोर घेऊन आली आणि एकेकाला पलीकडे नेलं. त्यातले एक आजोबा मला एवढंच म्हणाले, "चौदा वाजता निगाया पायजे व्हतं ना." त्यांना दोन म्हणायचं होतं का मला चिडवत होते कळलं नाही, पण तेव्हापासून दोनच्या आत परतीला लागायचं हा माझा नियम आहे.

तर पाणी गढूळ होणं, पानं-काटक्या वाहून येणं आणि आवाज जाड होणं, या तिन्हीतलं एक जरी दिसलं तरी ओढ्यात पाय घालायचा नाही, आणि गुडघ्याच्या वर वाहतं पाणी असेल तर कितीही पोहता येत असू दे, घालायचा नाही. थांबायचं. पाऊस थांबला की हे ओढे उतरतात, चढतात तेवढ्या झपाट्याने नाही, पण साधारण दोन-चार तासांत.

आणि मुळात पावसाळ्यात देवकुंड बंद करण्याचे आदेश प्रशासन काढतंच. पूर्वी १४४ कलम म्हणायचो, आता नव्या कायद्यात १६३. ते रायगड जिल्ह्यात येतं, त्यामुळे पुण्याच्या आदेशात नाव नाही म्हणून खूश होऊन निघालात तर विळ्याच्या पुढे पोलीस परत पाठवतील, तेही बरोबरच आहे म्हणा. आईंना घेऊन देवकुंड करायचंच असेल तर दिवाळीनंतर.

---

बुलेट_आणि_बॅकपॅक | ८ जुलै, सकाळी ९:३३

ओके काका मान्य, एकदा डिसेंबर आणि एकदा ऑक्टोबर एंड. ओढे होते पण बूट पण भिजले नाहीत म्हणून डोक्यातच आलं नाही.

---

मुळशीकर | ८ जुलै, दुपारी १:१२

आमच्याकडचं आहे म्हणून लिवतो. घाटवाटांनी सांगितलं ते बरोबर. पुण्यातली लोकं येत्यात, दर शनिवार-रविवार ताम्हिणीत रस्त्यावर आडव्या गाड्या लावत्यात, आन धबधबा दिसला की खाली उभं राहत्यात. वरून पाण्याबरोबर दगूड येतो ओ. पाणी दिसतं, दगूड दिसत नाय.

आन भिऱ्याचं एक. आमच्या मुळशी धरणाचं पाणी डोंगराच्या पोटातनं तिकडं उतरवून टाटाची वीज करत्यात, १९२७ पासून. त्याच धरणापायी सेनापती बापटांनी सत्याग्रह केलेला. वीज करून झाली की पाणी कुंडलिकेत सोडत्यात, कोलाडला राफ्टिंग चालतं ते त्याच पाण्यावर. म्हंजे भिऱ्याच्या खालच्या अंगाला पाऊस नसला तरी नदी वाढती. देवकुंड त्याच्या वरच्या अंगाला, त्याचा ह्याच्याशी संबंध नाय, पण येताना लोकं खाली नदीत पाय सोडून बसत्यात म्हनून सांगितलं.

आजीबाईंना घेऊन ताम्हिणीत यायचं तर मधल्या वारी या, गाडीतनं धुकं बघा, डोंगरवाडीच्या अलीकडं चहा घ्या. चालायला नका उतरवू आत्ता.

---

पावसाळी_पाखरू | ८ जुलै, रात्री ९:५०

बाप रे. घाटवाटा काका, तुमची पोस्ट आईला वाचून दाखवली, ती म्हणाली बघ मी म्हटलं नव्हतं का (तिने काहीही म्हटलं नव्हतं). नवऱ्याला दाखवली तर तो एकदम उत्साहाने म्हणाला मग घरीच थांबू.

देवकुंड कॅन्सल. पण मग ओढा न ओलांडता जंगल + धबधबा असं काही आहे का? मोठा नसला तरी चालेल. खरंच, छोटा असला तरी चालेल.

---

भटकी_विमी | ८ जुलै, रात्री १०:१५

भाजे! लोणावळा नको म्हणालीस पण हे मळवली, लोणावळ्याच्या एक स्टेशन अलीकडे, पुणे-लोणावळा लोकलने जायचं, गाडीचा प्रश्नच मिटला. स्टेशनवरून एक्सप्रेसवेवरच्या पुलाने पलीकडे भाजे गाव, पायऱ्यांनी लेण्यांपर्यंत. आईंना लेणी आवडतील, इ.स.पू. दुसऱ्या शतकातलं काम आहे आणि चैत्याच्या छताला लाकडी कमानी अजून आहेत, दोन हजार वर्षांपूर्वीच्या, मी दर वेळी मान दुखेपर्यंत बघत बसते. धबधबा लेण्यांच्या अलीकडेच. जंगल मात्र नाही, आणि पायऱ्या आहेत, आणि शनिवार-रविवार अजिबात नको, रांगेत उभं राहून धबधबा बघावा लागतो.

---

घाटवाटा | ९ जुलै, सकाळी ६:०५

भाजे चांगलं आहे, पण ताईंना झाडं हवीत.

मढे घाटाचं कोणी सांगायच्या आत सांगतो, तिथे धबधबा वरून बघायचा असतो, केळदच्या पुढे पठारावरून पाणी थेट कड्याखाली जातं. चालणं जवळपास नाहीच, पण धुक्यात कडा दिसत नाही आणि तुमची लेक पळते असं तुम्हीच लिहिलंय. नको.

माझं मत गुप्त भीमाशंकर. देवळाच्या मागून जंगलात पायवाट जाते, वाटेत साक्षी विनायकाचं छोटं देऊळ लागतं, आणि पुढे खाली ओढ्याच्या पात्रात पिंड आहे, तिच्यावर छोटासा धबधबा पडतो. भीमा उगमापाशी गुप्त होते आणि इथे पुन्हा प्रकटते अशी श्रद्धा आहे, म्हणून गुप्त. देवळापासून दीड-दोन किलोमीटर असेल, अख्खी वाट झाडाखालून. ओढा ओलांडावा लागत नाही, तुम्ही ओढ्यापाशी पोचता आणि तिथूनच मागे फिरता. हाच त्यातला मोठा फायदा, पाणी वाढलं तरी तुम्ही घराच्या बाजूलाच असता. देवकुंडच्या मानाने धबधबा म्हणजे नळ आहे, हे आधीच सांगतो. पण जंगल खरं आहे, १९८५ पासूनचं अभयारण्य.

पण आत्ता जुलैत नको. आत्ता धुकं आणि चिखल, आणि २५ जुलैला श्रावण लागतोय, त्यानंतर महिनाभर भीमाशंकरकडे बघूसुद्धा नका, सोमवारी तर गाड्या कित्येक किलोमीटर अलीकडे थांबवतात. सप्टेंबर. गणपती गेले की मधल्या वारी.

---

शेकरू_दिसलं_का | ९ जुलै, सकाळी ११:४०

काकांना +१, फक्त एक गोष्ट ते विसरले कारण त्यांचे गुडघे शाबूत असणार 😄 जंगलाची वाट सोपी आहे पण स्टँडपासून देवळापर्यंत दोनशेच्या वर पायऱ्या आहेत आणि त्या जाताना उतराव्या लागतात. म्हणजे तुझ्या आईचा गुडघा जिथे दुखतो ते काम सगळ्यात आधी. माझ्या सासूबाईंना नेलं होतं तेव्हा आम्ही हे केलं: काठी घेतली (ट्रेकिंग पोल नाही, तिथेच दुकानात बांबूची मिळते), पायरी सरळ न उतरता जरा तिरकं तिरकं, दुखरा पाय आधी खाली, चढताना चांगला पाय आधी वर. पंधरा मिनिटांचं काम अर्ध्या तासात केलं आणि काहीही झालं नाही. पुढे गुप्त भीमाशंकरला शेवटी परत थोडा उतार आहे, तिथे ओल्या मुळांवरून घसरतं, हिरवा दगड दिसला की त्यावर पाय नाही, काळा खरखरीत असेल त्यावर चालतो.

चपला-सँडल नको. अॅक्शनचे बूट घे, ट्रेकर लोकांचे ठरलेले, महाग नाहीत. आणि जळवा!! सप्टेंबरातपण असतात. मोजे पँटच्या वरून ओढायचे, बुटाला तंबाखूची पूड किंवा मीठ. लागलीच तर ओढून तोडायची नाही, नखाने तोंडाकडून सरकवायची. रक्त थोडा वेळ थांबत नाही, तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं म्हणून, त्याने घाबरू नका, कापूस दाबून ठेवायचा.

शेकरू (झाडावरची मोठी खार) दिसायचं असेल तर सकाळी नऊच्या आत. वर बघायचं, मान वर. आधी ऐकू येतं, कटकटकट असं जोरात. पानं-काटक्यांचा चेंडूसारखा गोळा झाडाच्या शेंड्याला दिसला तर ते घरटं, एकेकाची अशी बरीच असतात. महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे हे लेकीला निबंधात लिहायला सांग, मार्क मिळतील. माकडांपासून खाऊ लपवा.

आणि हो, कोंढवळचा धबधबा जवळ आहे म्हणून कोणी सुचवेल, तो आणि आजूबाजूचे बाकीचे वनखातं पावसाळ्यात बंद करतं. गुप्त भीमाशंकरची वाटपण त्या दिवशी उघडी आहे का ते तिथे चौकीवर विचारून मगच आत शिरा.

---

एकते_चार | ९ जुलै, दुपारी ४:०१

रात्री चमकणारी बुरशी पण भीमाशंकरचीच ना? सडलेल्या ओल्या लाकडावर येते ती.

---

शेकरू_दिसलं_का | ९ जुलै, दुपारी ४:३०

हो, पण त्याला किर्र अंधार लागतो आणि रात्री अभयारण्यात असं शिरता येत नाही. एका दिवसाच्या सहलीत विसरा. तुमचा १ ते ४ संपल्याबरोबर आलात हे आवडलं.

---

पावसाळी_पाखरू | १९ सप्टेंबर, रात्री ८:२७

धागा वर काढतेय. जाऊन आलो बुधवारी! पितृपक्ष असल्यामुळे देवळातही गर्दी कमी होती, नवऱ्यानेच सुट्टी टाकली (त्याला मधल्या वारी पार्किंग मिळतं हे पटलं).

पहाटे पाचला निघालो, चाकणच्या आधीच ट्रॅफिक लागलं, पहाटे सुद्धा, कमाल आहे. राजगुरुनगरहून वाड्याच्या रस्त्याने गेलो, चासकमानचं पाणी दिसतं तिथे आईने थांबायला लावलं. साडेआठला पोचलो. पायऱ्यांना शेकरूताईची युक्ती वापरली, दुखरा पाय आधी. आई मोठ्याने "दुखरा, चांगला, दुखरा, चांगला" म्हणत उतरत होती, खालून वर येणारे लोक बघत होते. तिला पस्तीस मिनिटं लागली. वर येताना मात्र लेकीच्या आधी आली.

चौकीवर विचारलं, वाट उघडी होती. आत शिरल्यावर दोन मिनिटांत देवळाच्या घंटा ऐकू यायच्या बंद झाल्या. अंधारलेलं, ओलं, खोडांवर हिरवं शेवाळ. मला वाटलं होतं आई पटपट चालेल पण ती प्रत्येक झाडाला थांबत होती, हे जांभूळ, हा हिरडा, ही अंजन, आणि एका ठिकाणी उन्हाच्या तिरिपेत पिवळी सोनकी होती तिथे तर खाली बसलीच. तिचं बालपण जुन्नरकडचं, मला माहीत होतं, पण तिला एवढी झाडं ओळखू येतात हे मला चाळिसाव्या वर्षी कळलं. कोथरूडमध्ये ओळखायला असतं काय, गुलमोहर आणि सप्तपर्णी. एक किलोमीटरला सव्वा तास लागला आमचा.

धबधबा काकांनी म्हटलं तसा नळच 😀 पण लेकीला तो तिच्या उंचीचा वाटला, खूश. पाणी नितळ होतं, आम्ही काठावरच्या दगडावर बसलो, शेंगदाण्याचे लाडू खाल्ले, आईने पिंडीला नमस्कार केला. नवरा, जो गाडीत बसणार होता, तो सगळ्यात जास्त वेळ तिथे बसला आणि काहीच बोलला नाही. सव्वाबाराला मागे फिरलो, काकांच्या नियमाच्या खूप आधी. थोड्या वेळाने पाऊस आला तेव्हा आम्ही पायऱ्या चढून टपरीत होतो.

शेकरू ऐकलं. दिसलं नाही. लेक म्हणते दिसलं, निबंधात तसंच लिहिलंय, मी खोडून काढलेलं नाही.

जळवा: मला तीन, नवऱ्याला एक, आईला शून्य. तिने मोज्यांच्या आत तंबाखू भरली होती, कुठून आणली विचारलं तर सांगत नाही. आता दोन दिवस झाले, माझ्या घोट्याला प्रचंड खाज आहे, किती दिवस राहते ही?

---

शेकरू_दिसलं_का | १९ सप्टेंबर, रात्री ८:४४

आठवडा तरी. खाजवू नकोस. कॅलामाइन लाव.

---

घाटवाटा | २० सप्टेंबर, सकाळी ६:१०

आईंना विचारा तंबाखू कुठली वापरली. माझी काम करत नाही.